थांबायला शिकलेली बाई

बायको गेली की माणसाला ती देवी होती असं आठवायला लागतं. मला अजून तसं झालेलं नाही. आमची सुमन देवी नव्हती. ती घाई होती. घाईला साडी नेसवून डोक्यावर पदर दिला की झाली सुमन.

मुलगी बघायला गेलो तेव्हा माझ्या वडिलांनी फक्त नाव विचारलं. तिनं नाव सांगितलं, मामाचं गाव सांगितलं, स्वयंपाकात काय येतं आणि काय येत नाही तेही सांगितलं. वडील पुढचा प्रश्न जुळवत होते, तोवर 'मळ्यात काम करायची सवय आहे' असं त्याचं उत्तर देऊन ती आत निघूनही गेली. परतताना वडील म्हणाले, पोरगी चांगली आहे, आपल्याला विचारायला काही ठेवलं नाही तिनं.

मखमलाबादला आमचा फुलांचा मळा. शेवंती, गुलाब, दसऱ्याला झेंडू. मी चौथीपर्यंत शिकलो आणि ती दहावी पास, त्यामुळे बोलायचं काम तिच्याकडे आणि ऐकायचं माझ्याकडे, अशी वाटणी पहिल्याच वर्षी झाली. तिला अंगणवाडी सेविकेचं काम मिळालं आणि तिच्या घाईला गावभर वाट मिळाली. आमच्या गल्लीतली अर्धी तरणी पोरं तिच्या हातून नाक पुसून घेऊन मोठी झालीत. पोरगं बटण लावायला बोटं जुळवतंय तोवर ही लावून मोकळी. लाल चेंडू वर धरून 'हा कुठला रंग' विचारायची आणि 'लाल' असं स्वतःच सांगायची. पोरांना रंग माहीत असायचा. पण शब्द ओठाशी यायच्या आत बाई घेऊन टाकायची. दिवसभर तोंडात एकच शब्द, 'उरका'. पोरांना उरका, मदतनीस बाईला उरका, मला तर जेवतानाही उरका.

माझ्या गुडघ्याची गोष्ट आमच्या नातेवाइकांत सगळ्यांना पाठ आहे. गुडघा दुखायला लागला म्हणून डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं, कुठला? सुमन म्हणाली, उजवा. उजव्याचा फोटो काढला. डॉक्टर फोटो उजेडात धरून म्हणाले, बाबा, या वयात असा गुडघा मी पाहिला नाही, एक नंबर आहे. दुखत होता डावा. मी सांगणार होतो, पण माझी पाळी आलीच नव्हती. घरी आल्यावर ती माझ्यावरच चिडली. म्हणाली, "तुम्हाला तोंड नाही का?"

तोंड होतं. जागा नव्हती.

अशा बाईला निवृत्तीला वर्षभर उरलं असताना ट्रेनिंगला बसवलं. लहान मुलांचं शिक्षण आणि दिव्यांग मुलांची देखभाल, असं काहीतरी मोठं नाव होतं. सगळं मोबाईलवर. आठवड्यातून दोनदा दुपारी वर्ग, मधल्या दिवसांत व्हिडिओ बघायचे आणि शेवटी परीक्षा. सुपरवायझर बाईंनी सांगितलं की सगळ्यांना सक्तीचं आहे. ही घरी येऊन भांडी आपटत म्हणाली, आता पोरं सांभाळायला मला मोबाईल शिकवणार. मी म्हणालो, बस की, तेवढीच सावलीत बसशील. ते काही खरं झालं नाही. नेटवर्क घरात येईना, ओट्यावर येईना, ते सापडलं शेवंतीच्या वाफ्यात, बोअरच्या पेटीजवळ. तिथं ती फुलांचा रिकामा क्रेट पालथा घालून उन्हात बसायची. शेजारच्या सरीत मी फुलं खुडायचो, त्यामुळे ते ट्रेनिंग माझंही झालं. फक्त परीक्षेला कुणी बोलावलं नाही.

शिकवायला पुण्याच्या वैशाली मॅडम होत्या. चाळिशीच्या, केस कापलेले, आवाज मऊ पण मागे न हटणारा. पडद्यावर चौकटी-चौकटीतून बायका दिसायच्या. दिंडोरीची एक द्राक्षाच्या मांडवाखाली बसायची. मनमाडच्या बाईंच्या मागं रेल्वेची शिट्टी वाजली की सगळा वर्ग थांबायचा. सटाण्याची एक मधेच अहिराणीत ओरडायची, "मॅडम, आठे नेटवर्क नही शे." आणि मॅडमनी प्रश्न कुणालाही विचारला तरी उत्तर आमची सुमन द्यायची.

दोन-तीन वर्ग मॅडमनी सहन केलं. मग एकदा त्यांनी हिचा आवाज बंद केला. तिकडून तसं करता येतं. हिला ते कळलंच नाही. ती आपली अर्धा तास बोलत राहिली. वर्ग संपल्यावर खुशीत मला म्हणाली, "बघितलं का, आज सगळ्या कशा गप्प बसून ऐकत होत्या." पुढच्या वर्गात मनमाडच्या बाईंनी हसत हसत फोडून दिलं. सुमन दोन दिवस फुगून बसली. मी विचारलं, असं बटण घरासाठी मिळतं का? त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

मग तो थांबण्याचा धडा आला. मॅडम म्हणाल्या, मुलाला काही विचारलं की तोंड मिटायचं, त्याच्याकडे बघायचं आणि मनात दहापर्यंत मोजायचं. काही मुलांना ऐकलेलं आत पोहोचायला वेळ लागतो, उत्तर बाहेर यायला त्याहून जास्त लागतो. आपण मधे बोललो की त्यांना परत पहिल्यापासून सुरू करावं लागतं. आणि आपण रोजच मधे बोललो तर ती मुलं उत्तर द्यायचंच सोडून देतात. मी खुडता खुडता थांबलो. हे मला कुणीतरी फार आधी सांगायला हवं होतं असं वाटलं. सुमननं मात्र मान डोलावून 'हो, हो, बरोबर' म्हणून मॅडमचं वाक्य त्यांच्याआधी पुरं केलं.

घरचा अभ्यास होता, की घरातल्या माणसावर सराव करा. घरात माणूस मी एकटाच. मुलगा-सून पिंपरीला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "चहा घेणार का?" आणि टक लावून बघायला लागली. मी घाबरलो. इतक्या वर्षांत तिनं मला चहा विचारला नव्हता, आणला होता. मी म्हणालो, अगं काय झालं, बरं वाटत नाही का? तर हात झटकून म्हणाली, "मधे बोलू नका हो, आकडा चुकतो." आणि परत एकपासून सुरू. मी हो म्हणालो, तरी तिचं मोजणं चालू. तिकडे दूध उतू गेलं. हे तिनं वर्गात अभिमानानं सांगितलं. मॅडम इतक्या हसल्या की त्यांनी स्वतःचाच आवाज बंद केला. मग समजावलं, सुमनताई, उत्तर आलं की मोजणं सोडायचं, आपण उत्तरासाठी थांबतोय, दहासाठी नाही.

पण खरं सांगतो, त्यानंतर घर बदललं. रात्री जेवताना ती विचारायची, आज बाजारात काय झालं? मी म्हणायचो, काय होणार. ती थांबायची. आता समोरचं माणूस आपल्याकडे बघत गप्प बसलंय म्हटल्यावर आपल्याला काहीतरी बोलावंच लागतं. मग मी बोलायचो. व्यापाऱ्यानं काय लबाडी केली, कुणाच्या पोरानं मळा बिल्डरला दिला, असलं. एकदा तिनं विचारलं, गुडघ्याचं ऑपरेशन का करत नाही? सगळ्या पाहुण्यांना ती आजवर 'यांना वेळ कुठाय' असं परस्पर सांगत आली होती. त्या दिवशी ती थांबली. मी म्हणालो, भीती वाटते. ती तरी थांबलेलीच. मग मी पुढचं बोललो, की भूल दिल्यावर जाग आली नाही तर? तिनं ताटातली भाकरी मोडली, बराच वेळ खाल्ली नाही, आणि म्हणाली, मी दाराशी बसेन. दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. ती दाराशी बसली होती. डाव्याच गुडघ्याचं झालं, हे तिनं नर्सकडून तीनदा वदवून घेतलं.

आता गौरीचं सांगतो, कारण तिच्यासाठीच सुमननं ते ट्रेनिंग मनावर घेतलं.

आमच्या वरच्या आळीत हिराबाई राहते. गौरी तिची नात. जन्मताना मेंदूला हवा कमी पडली. मान धरवत नाही, हात आखडलेले, बोलणं नाही. आई दिंडोरीकडे द्राक्षाच्या पॅकिंगला जाते, बाप ट्रकवर. पोरगी दिवसभर आजीजवळ, आतल्या खोलीत. तिचं नाव अंगणवाडीत होतं, खाऊ घरी जायचा, पण पोरगी कधी आली नव्हती. सुमनच सांगायची, राहू दे घरी, कशाला हाल. तिला वाटायचं आपण माया करतोय.

मॅडमनी एका वर्गात विचारलं, तुमच्या यादीतलं कुठलं मूल तुम्ही अजून पाहिलंच नाही? सुमन त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःहून गप्प राहिली.

मग तिनं डोक्यात घेतलं. आपण निवृत्त व्हायच्या आत गौरी अंगणवाडीत बसली पाहिजे. नवीन सेविका कशी येईल सांगता येत नाही, आणि पोरगी लवकरच सहाची होणार. इथं चार पोरांत बसली तर पुढं शाळेत न्यायचं घरच्यांच्या मनात तरी येईल. नाहीतर तिला ती खोलीच.

हिराबाई काही ऐकेना. पोरं हसतील, ठसका लागंल, कोण बघंल. वर म्हणाली, "तुझी मोबाईलमधली मॅडम येणार हाय का तिला उचलायला?" सुमन रोज जायची, रोज परत यायची. शेवटी हिराबाई वैतागली. "तिलाच इचार जा," म्हणाली. "ती हो म्हणली तर नेते."

टोमणाच होता तो. पोरगी बोलत नाही हे गावाला माहीत. पण सुमननं तो शब्दशः खरा धरला. तिनं मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, प्रत्येक मूल काहीतरी सांगत असतं, घरच्यांना विचारा. हिराबाईला विचारलं तर ती सहज बोलून गेली, की केळं पाहिजे असलं की आढ्याकडं बघती, नको असलं की डोळे गच्च मिटती.

मग एका दुपारी सुमन गौरीसमोर जमिनीवर बसली. मी केळी घेऊन गेलो होतो, म्हणून दारात उभा होतो. सुमननं विचारलं, "गौरी, माझ्या अंगणवाडीत येशील?" आणि थांबली. हिराबाई मधेच म्हणाली, तिला काय कळतंय. सुमननं तिला हातानंच गप्प केलं. खोलीत घड्याळ वाजत होतं. पोरीची मान डुलत होती, हात वाकडे होत होते, कुठंतरी आत ती काहीतरी गोळा करत होती. मला तर बघवेना. आणि मग तिनं डोळे मिटले. गच्च.

हिराबाईनं टाळीच वाजवली. "झालं तुझं समाधान?"

सुमनचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आधी ती हरखली. पोरीनं उत्तर दिलं होतं, विचारलेल्या प्रश्नाचं, साफ. मग तिला कळलं काय उत्तर दिलं ते. जन्मात कुणाचं 'नाही' न मानलेली बाई, पण ती उठली, पोरीच्या केसांवरून हात फिरवला, म्हणाली, बरं, नको तर नको, आणि चालायला लागली. वाटेत माझ्यामागून चालत होती. एरवी चार पावलं पुढे असायची.

घरी आल्यावर म्हणाली, आता काय करू? आणि माझ्याकडे बघत बसली. तिला सल्ला द्यायची मला सवय नव्हती. मी म्हणालो, पोरीनं तुझी अंगणवाडी पाहिलीय का कधी? बाजारात व्यापारीही फूल बघितल्याशिवाय घेत नाही. तू तिला न बघितलेलं विचारतेस, ती नाहीच म्हणणार.

दुसऱ्या दिवशी सुमननं अख्खी अंगणवाडी हिराबाईच्या अंगणात नेली. चटया, चेंडू, खिचडीचं पातेलं, आणि रडकी-शेंबडी सगळी फौज. हिराबाई आरडाओरडा करत बाहेर आली, पण दारात उभ्या लेकरांना हाकलायचं कसं? ती आठवडाभर शिव्या देत राहिली आणि आठवडाभर त्यांना पाणी देत राहिली. गौरीला आजीनं मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसवलं. पोरं पहिल्या दिवशी टकामका बघत होती. एकानं विचारलं, ही अशी का? सुमन म्हणाली, तिचे हात-पाय तिचं पटकन ऐकत नाहीत. तो म्हणाला, माझा भाऊ पण नाही ऐकत. आणि खेळायला गेला. पुढं पुढं चेंडू मुद्दाम उंबऱ्याकडे यायला लागला. मी एक क्रेट कापून, आत जुनी लुगडी ठोकून तिला बसायला जागा केली. मॅडमनी मोबाईलवर बघून सांगितलं, पाठ सरळ झाली पाहिजे, पाय टेकले पाहिजेत. म्हणून तो दोनदा परत कापला.

मग सुमननं परत विचारलं. घरात, सगळी पोरं गेल्यावर. थांबली. गौरीनं वर बघितलं. चांगलं टक लावून, आढ्याकडे.

हिराबाई म्हणाली, "वर पाल हाय. तिला बघती."

पाल होती, मीही बघितली. सुमननं मला खूण केली, आम्ही क्रेटसकट पोरीला अंगणात आणलं. वर मोकळं आभाळ. परत तोच प्रश्न. या वेळी वेळ लागला. सुमन बोलणं गिळत होती. आणि गौरीनं मान मागे टाकली, वर बघितलं, आणि तोंडातून एक आवाज काढला. मोठा.

"घार गेली आसंल," हिराबाई म्हणाली, पण तोंड पदरात घालून. मग आत गेली. आम्हाला वाटलं चिडली. ती पोरीचा चांगला फ्रॉक शोधत होती.

गौरी अंगणवाडीत बसली. न्यायला-आणायला सुपरवायझर बाईंनी चाकाची खुर्ची मिळवून दिली. सुमननं तिला भरवायला दुप्पट वेळ घेतला. एक घास, गिळेपर्यंत थांब, मग दुसरा. बाकीच्या पोरांनाही मग बटणं आपापली लावू द्यायला लागली. अंगणवाडी सुटायला उशीर व्हायचा आणि आया दाराशी खोळंबून म्हणायच्या, अहो बाई, उरका की. निरोप समारंभाला सुपरवायझर बाईंनी शाल दिली आणि चार शब्द बोला म्हणाल्या. लोक सतरंजीवर मांड्या ठोकून बसले, आता तासभर सुटका नाही म्हणून. ती उभी राहिली, म्हणाली, गौरीला अजून तीन महिने मीच आणीन, तिच्या आजीला उतार उतरवत नाही. आणि बसली. कुणाला टाळ्या वाजवायचं सुचलं नाही.

ते तीन महिने पुरे व्हायच्या आत ती गेली. सकाळी अकराला, अंगणवाडीच्या पायरीवर बसल्या बसल्या. डॉक्टर म्हणाले हृदय. तिथंही तिनं कुणाला विचारायला वेळ दिला नाही.

तेराव्यानंतर एका दुपारी तिचा फोन वाजला. तिच्या ट्रेनिंगच्या बायका अजून महिन्यातून एकदा पडद्यावर भेटायच्या. मी शेवंतीत होतो, फोन उचलला. सगळ्या चौकटी उघडल्या. सटाण्याच्या बाईंनी विचारलं, दादा, सुमनताई कुठं शे? मी सांगितलं. पडद्यावर सगळ्या दिसत होत्या, आवाज कुणाचाच येईना. मला वाटलं माझ्याकडून बटण दाबलं गेलं. तेवढ्यात मनमाडची शिट्टी ऐकू आली, म्हणजे आवाज चालू होता. वैशाली मॅडमही गप्प होत्या, माझ्याकडे बघत. मला काही बोलायचं असेल तर बोलू द्यावं, म्हणून. मी बोललो थोडं. मग फुलं कोमेजतील म्हणून ठेवला फोन.

गौरी आता शाळेत जाते. हिराबाई सोडायला माणूस शोधत होती, तेव्हा मी म्हणालो, माझा गुडघा चांगला आहे.

सुमनला शेवटचं पाहिलं ते ती गेली त्याच सकाळी. उतारावरून गौरीला चाकाच्या खुर्चीत घेऊन ती खाली येत होती. तिठ्यावर थांबली. डावीकडे अंगणवाडी, उजवीकडे आमचा मळा, शेवंती नुकतीच फुलली होती. ती खुर्चीसमोर वाकली आणि पोरीला काहीतरी विचारलं. मी फुलांच्या पाट्या गाडीला बांधून बाजाराला निघालो होतो. जवळून जाताना म्हणालो, अगं, चल की, ऊन झालं. तिनं मागं न बघता माझ्याकडे हात उभा धरला, थांबा म्हणून. मला उशीर होत होता, मी गाडी तशीच पुढं काढली. वळणावर आरशात बघितलं. ती अजून तशीच वाकून उभी होती आणि हात वरच होता. उत्तर आलं नव्हतं अजून.